लांब पाठीची गाडी

गोल्फ या खेळाला मी मरेपर्यंत माफ करणार नाही. खेळ म्हणजे काय, तर भर उन्हात एवढासा पांढरा चेंडू काठीनं हाणायचा, त्याच्या मागे चालत जायचं आणि सापडला की पुन्हा हाणायचा. सापडला नाही तर माझ्या नावानं शंख करायचा. मी ड्रायव्हर होतो. गाडी चालवणं हे माझं काम. पण आमच्या साहेबाच्या लेखी चेंडू शोधणं, काठ्या पुसणं आणि दुसऱ्याच्या तुरीत शिरून शिव्या खाणं हेही ड्रायव्हरचंच काम होतं.

घुग्घुसच्या बाजूला एक खाजगी कोळशाची खाण होती, तिथल्या मॅनेजरची गाडी माझ्याकडे होती. पन्नास साल नुकतंच मागे पडलं होतं. त्याआधी मी आलापल्लीच्या जंगलात सागाच्या लॉऱ्या चालवल्या. तिथे लाकूड वाहायचो, इथे काठ्या वाहायला लागलो, एवढीच काय ती माझी बढती.

साहेब कलकत्त्याकडचा. बारीक अंगाचा, गुडघ्यापर्यंत मोजे घालणारा, आणि आवाज कधीही न चढवणारा. ओरडणारा साहेब परवडतो हो. तो ओरडतो, आपण मनातल्या मनात ओरडतो, फिटंफाट होते. हा हळू बोलायचा आणि बोलताना आपल्याकडे न बघता आपल्या मागच्या भिंतीकडे बघायचा. खाणीच्या मागच्या पडीक जागेवर त्यानं नऊ खड्डे करून घेतले होते. हिरवळ तिथे कुठली यायला? खड्ड्याभोवती वाळू पसरायची, तिच्यात जळकं तेल कालवायचं आणि फळीनं सपाट करायचं. ते जळकं तेल इंजिनातून काढून डब्यात साठवायचं, ते मी. दर रविवारी बल्लारपूरकडून एखादा पाहुणा साहेब यायचा, आणि दोघं त्या काळ्या वाळूवर उभे राहून इतक्या गंभीर तोंडानं चेंडू ढकलायचे, की वाटावं खाणीचं छत यांनीच तोलून धरलं आहे.

काठ्यांची पिशवी चामड्याची होती, माझ्या छातीपर्यंत उंच. साहेब तिला 'किट' म्हणायचा. किट उभं ठेवायचं नाही, किटला धूळ लागू द्यायची नाही, किटवर काही ठेवायचं नाही. माझ्या बायकोनं मला कधी इतकं जपलं नाही.

आता गाडीचं सांगतो, कारण सगळं गाडीवरच येऊन अडलं. तेव्हाची आमची गाडी लढाईतून लिलावात आलेली स्टेशन वॅगन होती. खडखड वाजायची, चढावर धापा टाकायची, पण पाठ लांब होती. मागचं बाक काढलं की माणूस अंथरूण घालून सरळ झोपेल एवढी जागा. खाणीत दवाखाना म्हणजे एक खोली आणि एक कंपाउंडर. हात चेंगरला, डोक्यात दगड पडला, पोट फुगलं, की त्या माणसाला वॅगनमध्ये आडवं टाकायचं आणि मी सोळा मैलांवर चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आमच्या लाइनीतली, म्हणजे खाणीच्या कामगारांच्या चाळीतली, एक बाई तर पडोलीच्या आधीच त्या गाडीत बाळंत झाली. खाणीची एक लॉरी होती, पण ती नेहमी लाकडासाठी बाहेर असायची. बैलगाडीनं अख्खा दिवस जायचा. म्हणून त्या खडखड्या वॅगनला लाइनीतल्या बाया दसऱ्याला हळदकुंकू लावायच्या, साहेबाच्या कपाळावर आठ्या चढल्या तरी.

एका रविवारी किटच्या पट्ट्यावर साहेबाला वाळलेलं रक्त दिसलं. आदल्या दिवशी मी एका कोळसा फोडणाऱ्याला नेलं होतं. पट्टा धुवायचा राहिला, माझी चूक. साहेबानं पट्टा दोन बोटांत धरला आणि भिंतीकडे बघत हिंदीत म्हणाला की ही गाडी मॅनेजरची आहे, दवाखान्याची नाही, आणि दवाखान्याच्या गाडीसाठी आपण कलकत्त्याच्या हेडऑफिसला पत्र लिहिलं आहे. लिहिलं असेल. ती गाडी मात्र आली नाही. मी तो पट्टा साबणानं तीनदा धुतला, आणि तिन्ही वेळा साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

पुढे वॅगनचा सांगाडाच तडकला. चांद्याच्या गॅरेजवाल्यानं हात वर केले. कलकत्त्याहून नवीन गाडीला मंजुरी आली आणि साहेबानं मला बंगल्याच्या व्हरांड्यात बोलावलं. त्याला कामाची गाडी हवी होती. दिखाऊ नको, कामाची. मी म्हटलं वा, शहाणपण सुचलं. मग त्यानं काम काय ते सांगितलं. किट आडवं मावलं पाहिजे. मागचं झाकण घट्ट बसलं पाहिजे, म्हणजे धूळ जाणार नाही. रविवारी पाहुण्याचंही किट बसलं तर उत्तम. आपण दोघं रेल्वेनं नागपूरला जायचं, किट सोबत न्यायचं आणि दुकानात एकेका गाडीत घालून बघायचं. मी हो हो म्हणत उभा होतो आणि तळपायाची आग मस्तकात जात होती. नवरीला सासरी पाठवताना घर बघतात तसा हा माणूस काठ्यांसाठी गाडी बघायला निघाला होता.

ही बातमी लाइनीत पोचायला किती वेळ लागणार? संध्याकाळी माझ्या शेजारच्या दारात माणसं जमली. शेजारी म्हणजे आमचा लाकूड-मिस्त्री. खाणीच्या आत छताखाली खांब उभे करायचं काम त्याचं. गडचिरोलीकडचा गोंड माणूस, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, आणि उंच असा की आमच्या खोल्यांच्या दारातून त्याला कधी सरळ जाता आलं नाही. मी त्याला भाऊ म्हणायचो. मी लाइनीत नवा आलो तेव्हा मला चूल, लाकडं, पाणी, सगळं त्यानंच दाखवलं होतं.

तो म्हणाला, "डायवर, तू जाऊन राह्यला नागपूरले. लांब पाठीची गाडी आणजो. माणूस सीधा झोपला पायजे, बाकी काई नाई."

मग त्यानं खांब मापायची त्याची खाचा पाडलेली बांबूची काठी आणली आणि म्हणाला, कोणीतरी आडवं व्हा, माप घेऊन डायवरजवळ देऊ. झालं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आमच्याकडे जित्या माणसाला आडवं करून काठीनं मापत नाहीत. ते माप एकदाच घेतात, तिरडीचे बांबू तोडताना. मिस्त्रीच्या लोकांत खड्डा खणताना. खाटा मापा म्हणावं तर त्या सगळ्या आखूड, मिस्त्रीचे तर पाय घोट्यापासून बाहेर लोंबायचे. मिस्त्री हसला. म्हणाला, मी सगळ्यात लांब, मी मावलो म्हणजे सगळे मावतील, आणि खरोखरच अंगणात आडवा व्हायला लागला. तेवढ्यात त्याची बायको आतून आली. तिनं ती काठी त्याच्या हातातून ओढली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली. वर जमलेल्या सगळ्यांना असं काही सुनावलं, की दोघं तिघं तिथूनच पसार झाले.

मी छाती पुढे काढून म्हटलं, "माप कायले पायजे, वयनी? माझी नजर हाय ना."

नागपूरच्या स्टेशनवर साहेब पहिल्या वर्गातून उतरला आणि मी तिसऱ्यातून, खांद्यावर किट घेऊन. लोक वळून बघत होते. एका म्हाताऱ्यानं तर मला विचारलं, बाबा, आत कोणतं वाद्य आहे?

दुकान मोठं होतं, काचा लावलेलं. टाय घातलेला एक विक्रेता आला. साहेबाशी इंग्रजी, माझ्याशी काहीच नाही. पहिल्यांदा जीप दाखवली. किट मावलं, पण साहेबानं कापडी छताला बोट लावून नाक मुरडलं. आमच्या रस्त्याची धूळ चामड्याचं वाटोळं करील म्हणे. मग एक लहान, गोलमटोल, निळसर गाडी. तिची डिकी उघडली, किट तिरपं आत घातलं, तर ते असं बसलं की जणू त्याच डिकीत जन्मलं होतं. साहेबाच्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं. मी लगेच सुरू झालो. म्हटलं, साहेब, ही खाली फार बसते, आपल्या रस्त्यावर पोट घासेल, स्प्रिंगा तुटतील. थोडं खरं होतं, बरंच खोटं होतं. साहेब ऐकून घेत होता.

तिसरी होती स्टेशन वॅगन. नवी, लांब, मागचं दार वर उघडणारी. मागचं बाक दुमडलं की सपाट जमीन. मला ती बघताच वाटलं, हीच. मी म्हटलं, साहेब, ही कामाची. साहेब म्हणाला, का? किट तर लहान गाडीतही मावतं. मग मात्र मी तोंड उघडलं. म्हटलं, साहेब, खाणीत माणूस जखमी झाला तर त्याला झोपवून न्यावं लागतं. लहान गाडीत माणूस झोपत नाही.

मला वाटलं, आता भिंतीकडे बघणार. पण त्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघितलं. थोडा विचार केला आणि म्हणाला, "अच्छा. तो लेटो. किट बाजू में रख के देखते हैं. दोनों आ गए तो यही गाडी लेंगे."

हे वाक्य मी शब्दाला शब्द लिहितो आहे, कारण याच्या पुढचं सगळं यावर आहे.

मी पाऊल उचललंही होतं. तेवढ्यात तो टायवाला धावत आला, "वन मिनिट" म्हणाला, आणि गाडीच्या आतल्या सतरंजीवर त्यानं वर्तमानपत्र पसरलं. एक पान नाही, तीन पानं, कडेला कडा लावून. माझ्या अंगावर खाकी होती. आदल्या दिवशी मी ती स्वतः धुतली होती, खळ लावली होती, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली होती. ती खाकी गाडीला लागू नये म्हणून त्यानं कागद पसरला. आणि पसरून माझ्याकडे असं बघितलं, की हं, आता चढ.

माझं पाऊल तिथेच थांबलं.

मी म्हटलं, "साहेब, हमारे में जिंदा आदमी को ऐसे नापते नहीं."

टायवाला हसला. त्यानं मागे वळून गल्ल्यावरच्या माणसाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, तोही हसला. साहेब हसला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यानं सिगारेट काढली, पेटवली, आणि पुन्हा म्हणाला की मापायचं नाही, नुसतं पडायचं आहे. मी खांबासारखा उभा. त्यानं घड्याळ बघितलं. सिगारेट अर्धी झाली. मी मान ताठ ठेवून काचेबाहेरचे टांगे बघत राहिलो. मग त्यानं खांदे उडवले आणि टायवाल्याला निळ्या गाडीकडे बोट दाखवलं.

नंतर कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी रीत पाळली. कसली रीत? आलापल्लीला मी लॉरीच्या फळ्यांवर किती रात्री आडवा झालो होतो. रीत माझ्या तोंडी आली, कारण ती आदल्या आठवड्यात वयनीच्या तोंडून ऐकली होती आणि हाताशी होती. खरं कारण तो कागद. त्या टायवाल्याच्या थोबाडीत मारायची माझी छाती नव्हती, म्हणून मी न झोपून दाखवलं. दुकानाच्या मागे, कोणी नसताना साहेब झोप म्हणाला असता, तर मी दहादा झोपलो असतो.

नवी गाडी चालवत आम्ही परत निघालो. किट डिकीत, साहेब मागच्या सीटवर. वरोऱ्याच्या पुढे त्यानं एकदाच तोंड उघडलं. "तुम्हारी मर्जी थी," म्हणाला. मी आरशात बघितलं तर तो बाहेर बघत होता. अख्ख्या रस्त्यात मी एकही खड्डा चुकवला नाही.

लाइनीत गाडी शिरली तेव्हा माणसं बाहेर येऊन उभी होती. मिस्त्रीनं गाडीला एक फेरी मारली, वाकून मागच्या सीटकडे बघितलं, हाताची वीत लावून अंदाज घेतला, आणि संध्याकाळी माझ्या दारात आला.

"तू बोल्ला नाई का त्याले?"

"बोल्लो ना, भाऊ," मी म्हटलं. "आयकते कुठी तो? त्याले पिशवीच्या पुढं काई दिसत नाई."

हे मी न अडखळता बोललो. मिस्त्रीनं मान हलवली, खिन्न झाला, आणि मला चहा प्यायला घेऊन गेला. वयनीनं साहेबाला अशा शिव्या दिल्या की मला त्यांत भर घालायला जागा उरली नाही, तरी मी घातली.

त्यानंतर काही महिने साहेबाला लाइनीत कोणी सलाम केला नाही. निळी गाडी गेली की बाया थुंकायच्या. पाण्याच्या नळावर, हजेरीच्या खिडकीवर, तीच चर्चा, की काठ्यांना झोपायला जागा आहे आणि माणसाला नाही. हे वाक्य मीच पहिल्यांदा बोललो होतो. ते तोंडातोंडी फिरून माझ्याकडे परत आलं की मला बरं वाटायचं. खरं सांगतो, मजा यायची. रविवारी किट डिकीत टाकताना मी ते मुद्दाम आपटायचो.

उन्हाळा होता, दिवसपाळीची वेळ. मी बंगल्यासमोर गाडी पुसत होतो आणि खाणीचा भोंगा अवेळी वाजला. आत छताचा एक थर सुटला होता. बाकीचे निसटले. मिस्त्री खांब बसवत होता, तो थांबला, कारण अर्धा बसवलेला खांब सोडला तर मागच्या दोघांवर सगळं आलं असतं. दगड त्याच्या कमरेवर पडला. त्याला खाटेवर घालून वर आणला तेव्हा तो शुद्धीवर होता. पायांची बोटं हलवत होता, मी स्वतः बघितली. कंपाउंडर म्हणाला, कंबर वाकवू नका, सरळ ठेवा, सरळच न्या.

लॉरी लाकडासाठी वणीकडे गेलेली. कोळशाची मालगाडी संध्याकाळी. मी निळी गाडी आणली.

साहेब धावत आला. डोक्यावर टोपी नाही, अंगावर कोळसा, तो खाली आत जाऊन आला होता. त्यानं डिकी उघडली, किट स्वतः बाहेर ओढलं आणि फेकलं, काठ्या रस्त्यावर विखुरल्या. मग आम्ही चौघांनी मिस्त्रीला मागच्या सीटवर ठेवायची खटपट केली. डोकं एका दाराला लागलं तर गुडघ्यापासून पाय दुसऱ्या दाराबाहेर. दार उघडं ठेवून सोळा मैल तो रस्ता? तिरपा करून बघितला. पुढची सीट सुटते का बघितलं, ती सुटत नव्हती. साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, तू गाडी ओळखतोस, सांग, कसं करायचं? शेवटी वयनी आधी आत बसली, मिस्त्रीला अर्धवट बसवून तिच्या छातीशी टेकवला, आणि त्याचे ते लांब पाय दुमडून आत घेतले. तो तेव्हा जे ओरडला ते मी इथे लिहू शकत नाही. साहेब पुढे माझ्याशेजारी बसला.

मी त्या दिवशी गाडी अशी चालवली, की दुधानं भरलेलं भांडं ठेवलं असतं तरी सांडलं नसतं. पण तो रस्ता. आणि ती गाडी खरोखरच खाली बसत होती, मी दुकानात थाप मारली होती ती खरी निघाली. प्रत्येक दणक्याला मिस्त्री कण्हायचा. वयनी आपल्या देवाचा धावा करत होती. पडोली दिसायला लागली तसं त्याचं कण्हणं थांबलं. मी घाबरून विचारलं, भाऊ, कसं वाटते? तो म्हणाला, "आता बरं हाय. पाय हलके झाले."

मला आनंद झाला हो. मी म्हटलं, देव पावला.

चांद्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं त्याच्या तळव्याला टाचणी लावली. मग पोटरीला. मग मांडीला. मिस्त्री छताकडे बघत होता, त्याला काही कळलंच नाही. डॉक्टर बाहेर व्हरांड्यात आला आणि आम्हा दोघांना विचारलं, या माणसाला बसवून कोणी आणलं?

मी साहेबाकडे बोट केलं. म्हटलं, "गाडी यांनी घेतली."

साहेबानं माझ्याकडे बघितलं. मराठी त्याला तेवढी कळायची. तो खिशातून रुमाल काढून हातावरचा कोळसा पुसत राहिला.

मिस्त्री पुन्हा उभा राहिला नाही. दोन महिने दवाखान्यात, मग घरी, खाटेवर. अख्खी लाइन साहेबावर उलटली. बंगल्यावर दगड पडले. पहिला कोणी मारला ते मला माहीत आहे, पण तो मी नव्हतो. मी फक्त जिथे चार माणसं जमतील तिथे जाऊन नागपूरची गोष्ट सांगायचो, माझ्या पद्धतीची. वर्षाच्या आत साहेबाची बदली बंगालकडे झाली. जाताना किट त्यानं बरोबर नेलं. मी ते स्टेशनवर चढवून दिलं, आणि त्यानं माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघितलं. तो मला तेव्हाही आवडत नव्हता, आजही नाही. एखाद्याचं बरोबर असलं म्हणून तो आवडलाच पाहिजे असं नाही. पुढे दवाखान्याची पांढरी गाडी आली, तीही मीच चालवली.

रोज कामावरून सुटलो की मी मिस्त्रीकडे जायचो. तो दारात खाटेवर बसून अंबाडीचे दोर वळायचा. हात त्याचे तसेच मजबूत राहिले होते. मी त्याला नाल्यावर न्यायचो, अंघोळ घालायचो, पाठीवर घेऊन बाजार दाखवायचो. लाइनीत लोक म्हणायचे, सख्खा भाऊ करणार नाही एवढं हा करतो. ते ऐकलं की मला जेवण जायचं नाही. सहा वर्षं मी हे केलं. एकदाही चुकवलं नाही. आणि सहा वर्षं आम्ही दोघं बसून साहेबाला शिव्या द्यायचो. म्हणजे मी द्यायचो. तो ऐकायचा.

एका संध्याकाळी वयनी पाण्याला गेली होती. मला काय झालं कुणास ठाऊक. मी एकदम बोललो. नागपूर, ती लांब गाडी, साहेब काय म्हणाला, मी काय म्हणालो, कागदाचंही. काही झाकलं नाही. बोलताना त्याच्या पायांकडे बघत होतो, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं. काटक्या झाल्या होत्या पायांच्या.

त्याचे हात थांबले नाहीत. तो दोर वळत होता, वळतच राहिला.

"मले मालूम हाय," तो म्हणाला. "साहेबानं सांगतलं होतं. दवाखान्यात, दुसऱ्याच दिशी."

सहा वर्षं. मी म्हटलं, "मंग तुमी मले काऊन नाई बोलले, भाऊ? एका शब्दानं नाई?"

त्यानं दोराचा पीळ दातात धरला, गाठ मारली, आणि मग माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. राग असता तर मी तो सोसला असता.

"बोललो असतो, तं तू आला असता का?"

वयनी पाणी घेऊन आली. तिनं मला चहा विचारला. मी नको म्हटलं आणि उठलो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.